वाढत्या मापाचं धनुष्य

माणूस आयुष्यात किती ताण सोसू शकतो, याचा नेमका अंदाज त्याला स्वतःला शेवटपर्यंत येत नाही. धर्मराज रोकडेला तो सोमवारी सकाळी सव्वादहा वाजता आला. सात किलो सातशे ग्रॅम. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका वजनकाट्यांच्या कंपनीत तो सव्वीस वर्षं काटे तपासत होता. खात्रीचं वजन काट्यावर ठेवायचं, काटा किती खोटं बोलतो ते टिपायचं, तेवढं खोटं काढून टाकायचं आणि शिक्का मारायचा, असं ते काम. त्या दिवशी त्याने डब्याच्या पिशवीसोबत निळ्या गवसणीतलं धनुष्य आणलं होतं. गेटवरच्या वॉचमनने ते सतार म्हणून आत सोडलं. टेबलाच्या कडेला धनुष्य आडवं अडकवून त्याने दोरीला ताणकाट्याचा हूक लावला आणि आपण ओढतो तेवढंच, म्हणजे सव्वीस इंच, ओढून आकडा पाहिला. पुन्हा पाहिला. तिसऱ्यांदा पाहण्यात अर्थ नव्हता, कारण तो काटा त्याने स्वतःच शुक्रवारी तपासला होता. धनुष्याच्या पातीवर, म्हणजे वाकणाऱ्या पट्टीवर, वीस पौंड असं छापलेलं होतं, पण ते अठ्ठावीस इंच ओढणाऱ्या लांब हाताच्या माणसासाठी. धर्मराजच्या आखूड हातांना ते सतरा पौंडच पडत होतं. दीड वर्षं दर रविवारी आपण जे काही पेलत होतो, ते दहा किलोच्या तांदळाच्या गोणीपेक्षा हलकं होतं, हे त्याने वहीत लिहिलं नाही.

हे सगळं सुरू झालं ते आदल्या दिवशी, जितेशच्या एका वाक्यामुळे. जितेश बदलापूर पूर्वेला शिरगावात, एका अर्धवट उभ्या राहिलेल्या इमारतीमागच्या मोकळ्या प्लॉटवर पारंपरिक धनुर्विद्येचे वर्ग घेई. पारंपरिक म्हणजे लाकडी धनुष्य, त्याला ना दुर्बीण ना चाकं. डोळा, हात आणि गवताचा गठ्ठा. जितेश वयाने तिशीचा, एका शाळेत पी.टी. शिकवणारा. ऑफिसातला चंदर धर्मराजला सुरुवातीला म्हणाला होता, "गुरुदक्षिणेत अंगठा मागितला तर देऊ नका हां." पण जितेश अंगठा मागत नसे. तो महिन्याला बाराशे मागे आणि तेही मोबाइलवर घेई. धनुष्य क्लबचं असे. नेमाने येणाऱ्यांना ते घरी सरावाला न्यायची मुभा होती. तर त्या रविवारी धर्मराजचे सहापैकी चार बाण गठ्ठ्यात लागले, दोन मागच्या ताडपत्रीत, म्हणजे नेहमीसारखाच रविवार. जितेश मागून चालत गेला आणि जाता जाता म्हणाला, "काका, हे धनुष्य आता तुम्हाला पुरत नाही. अपग्रेड करा." एवढंच. मग तो पुढे जाऊन एका बाईंचं कोपर सरळ करू लागला.

धर्मराज तिथेच थांबला. बाण काढायला जायचं त्याला सुचेना. पुरत नाही. एक्कावन्न वर्षांत हे वाक्य त्याला उद्देशून कुणी बोललेलं नव्हतं. त्याच्या वाट्याला आलेली प्रत्येक वस्तू त्याला मोठी होत आली होती. आई, गयाबाई, शाळेची खाकी पँट शिवून घ्यायची तीच वाढत्या मापाची. खाली तीन दुमडी. दर जूनला एक दुमड उसवायची, आणि तिथे जुन्या रंगाची गडद पट्टी उमटायची. त्या पट्ट्या मोजून वर्गातली पोरं पँटचं वय सांगत. आठवीनंतर धर्मराजची उंची थांबली. शेवटची दुमड उसवायची वेळच आली नाही. ती पँट त्या दुमडीसकट चाळीतल्या कुणाला तरी देऊन टाकली, आणि ज्याला दिली त्याने ती वर्षाच्या आत उसवली. नाव तर सर्वांत मोठं. बाप, भगवान रोकडे, काडेपेटीच्या कारखान्यात होता. बुद्धाला धर्मराज म्हणतात म्हणून त्याने ते मोठ्या अभिमानाने ठेवलं. पण शाळेत, बँकेत, रेशनच्या रांगेत सगळ्यांना आठवायचा तो पांडवांतला थोरला, आणि मग ते याच्याकडे वरून खाली एकदा बघून घ्यायचे. वडिलांच्या घड्याळाच्या पट्ट्याला त्याने पोगराने दोन जादा भोकं पाडली होती. बदलापूरला मांजर्लीत फ्लॅट घेताना दोन बेडरूमचा घेतला. पुढे मुलगी मैत्रेयी पुण्याला नोकरीला गेली आणि एक खोली नुसती झाडायची राहिली. आणि दहाएक वर्षांपूर्वी, विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली तेव्हा, मोठे साहेब चहा पाजून किती प्रेमाने म्हणाले होते, "रोकडे, तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही. पण ही खुर्ची तुम्हाला जरा मोठी होईल." खुर्ची. जणू ते फर्निचरबद्दलच बोलत होते. ती खुर्ची ज्याला बरोबर बसली त्याला काटा वाचायला धर्मराजनेच शिकवलं होतं. आणि आता शिरगावच्या उन्हात एक पोरगेला मास्तर सांगत होता की एक वस्तू तुम्हाला लहान पडते आहे. लक्ष्यावर लागलेले चार बाण त्याला एकाएकी फार खोल रुतल्यासारखे वाटले. काढायला गेला तर सहज निघाले.

घरी त्याने बायकोला सांगितलं. अंजना नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. तिला रविवारी कुणी काही सांगितलं तर ती हातातलं काम न थांबवता ऐकत असे.

"जितेश म्हणतो, धनुष्य मला पुरत नाही."

"पँटही पुरत नाहीत तुम्हाला. ते मी दोन वर्षं सांगतेय. तेव्हा असा चेहरा नव्हता झाला."

"तसं नाही गं. म्हणजे माझी ताकद वाढली. आता जास्त पौंडाचं लागणार."

"किती जास्त?"

हा प्रश्न त्याला आवडला आणि अडचणीचाही वाटला. तो म्हणाला, "चाळीस." आकडा तोंडातून आपोआप आला, कुणीतरी आधीच तिथे ठेवून गेल्यासारखा. अंजनाने मटार सोलता सोलता विचारलं, आत्ताचं किती आहे. वीस, तो म्हणाला. "म्हणजे डबल," ती म्हणाली आणि पुढची शेंग फोडली. शाळेत एखादं पोर दोन इयत्ता ओलांडून बसायचं म्हणालं की तिचा हाच चेहरा होत असावा. म्हणूनच सोमवारी तो धनुष्य घेऊन ऑफिसला गेला होता, वीस हा आकडा तरी खरा आहे का ते पाहायला. तो खरा नाही हे कळल्यावर मात्र त्याने शहाणपणाचा भलताच अर्थ काढला. छापलेला आकडा आपल्याला नेहमी कमीच पडणार. मग चाळीस छापलेलं घेतलं तरी आपल्या हाताला ते पस्तीसच होणार. म्हणजे चाळीस घेणं ही बढाई नाहीच, ती दुरुस्ती आहे. खोट्यातून खोटं वजा करत राहिलं की खरं उरतं, यावर त्याची सव्वीस वर्षं भाकरी चालली होती. वजाबाकीनंतरही पस्तीस हे सतराच्या दुप्पटच राहतं, हे त्याला दिसत होतं. पण दिसणाऱ्या सगळ्याच आकड्यांकडे बघावं लागतं असं नाही.

आठवडाभर तो चाळीस पौंडांबरोबर राहिला. कॅन्टीनमध्ये डाळ वाढून घेताना त्याचा उजवा खांदा आपोआप मागे जाई. बुधवारी त्याने वृंदाताईंना फोन केला. वृंदाताई क्लबातल्या सगळ्यांत जुन्या. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या, बासष्ट वर्षांच्या, चोवीस पौंडांचं धनुष्य वापरणाऱ्या आणि जितेशपेक्षा नेमके बाण मारणाऱ्या.

"चाळीस कशाला हो? डुक्कर मारायचंय?"

"तसं नाही ताई. जितेश म्हणाला..."

"जितेश काय म्हणाला ते सोडा. दुकानात गेलात की पूर्ण ओढा, वीस आकडे मोजा, आणि मग हळूहळू परत आणा. ओढता सगळ्यांना येतं, भाऊ. परत आणता आलं पाहिजे. बाण नसताना दोरी सोडायची नाही, धनुष्य फुटतं, माहितीये ना?"

माहीत होतं. हा पहिल्या दिवशी शिकवलेला नियम. बाण असला की सगळा जोर बाण घेऊन जातो. नसला की तो जोर लाकडातच परत घुसतो आणि पाती चिरफाळून तोंडावर येतात. "वीस आकडे," वृंदाताई पुन्हा म्हणाल्या. "खांदा गेला की तो काही परत बनवून मिळत नाही."

शनिवारी सुट्टी होती. उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात गोपशेठचं फर्निचरचं दुकान. पुढे सोफे, कपाटं, देव्हारे, आणि मागच्या भिंतीवर आठ-दहा धनुष्यं. सागवान आणि बांबूच्या पट्ट्या चिकटवून, फायबरचा थर देऊन गोपशेठ ती स्वतः बनवी. सोफ्याच्या हाताला बाक द्यायला शिकलेला माणूस, त्या बाकाच्या नादाने इथवर आलेला. अंजनालाही चपलांचा स्टँड बघायचा होता, म्हणून ती बरोबर आली. धर्मराजने पिशवीतून ताणकाटा काढला तेव्हा गोपशेठ खुर्चीवरून उठला.

"साईं, काटा लेके कौन आता है? मी काय सोनं विकतो काय?"

"सवय आहे. राग मानू नका."

"राग कैसा? चेक करा. गोप के माल में झोल निकला तो सोफा फ्री."

झोल निघाला नाही. धर्मराजने पाच धनुष्यं एकामागून एक काट्याला लावली, आणि अठ्ठावीस इंचांना प्रत्येकाचा आकडा छापल्याबरहुकूम आला, फार तर पाव किलो इकडेतिकडे. त्याला थोडं निराश वाटलं. चाळीसचं धनुष्य काळसर लाकडाचं होतं, मुठीशी शिसवीचा एक तुकडा बसवलेला. सव्वीस इंचांना त्याने पंधरा किलो आठशे दाखवले. पस्तीस पौंड. "हे चाळीस नाहीच मुळात," तो अंजनाला म्हणाला, "माझ्या हाताला हे पस्तीस आहे." अंजना पिवळ्या रेक्झिनच्या सोफ्यावर टेकली होती. "बरं," ती म्हणाली.

गोपशेठने त्याला सोफ्यांमधल्या मोकळ्या पट्टीत उभं केलं. "खेंचो. पण बिना बाण सोडायचं नाय हां, साईं. आरामसे वापस."

धर्मराजने पाय रोवले, मूठ धरली आणि ओढलं. पहिले दहा इंच काहीच झालं नाही. मग लाकूड जागं झालं. वीस इंचांपाशी त्याला वाटलं, इथेच थांबावं; पण समोर आरशाचं कपाट होतं आणि आरशात एक बुटका माणूस मोठं काळं धनुष्य ताणून उभा होता, आणि तो माणूस थांबेना. दोरी हनुवटीला लागली. लागली! त्याने मोजायला सुरुवात केली. एक. दोन. पाठीत, खांद्याच्या दोन फऱ्यांच्या मध्ये, कुणीतरी एक एक स्क्रू आवळत होतं. पाच. सहाला डावा हात थरथरू लागला. आठला त्याने मोजणं सोडलं, कारण त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला हे परत आणता येणार नाही. परत आणायचं तर बोटांना आणखी जास्त जोर हवा, क्षणभर, हळू सोडण्यापुरता, आणि तो जोर ओढण्यातच खर्च झाला होता. सोडायचं तर धनुष्य फुटणार. पुढे जायला जागा नव्हती, मागे यायला बळ नव्हतं. बोटांत दोरी रुतत होती आणि आरशातल्या माणसाच्या मानेची शीर वर आली होती. आणि नेमका तेव्हाच त्याला चाळीचा जिना आठवला. अंबरनाथची चाळ, तिसरा मजला. वडिलांना अर्धांगाचा झटका आलेला. स्ट्रेचर जिन्यात वळेना म्हणून त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणत होते. मागे शेजारचा पोरगा, पुढे धर्मराज, पाठमोरा, एक एक पायरी चाचपत. दुसऱ्या मजल्यापाशी त्याचे हात असेच थरथरू लागले. बोटं उघडायला लागली. वडील त्याच्याकडे बघत होते. अर्धा चेहरा खाली ओघळलेला, पण डोळे चांगले जागे. "माझा हात सुटतोय," धर्मराज म्हणाला, मोठ्याने, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असा. मग कुणीतरी वरून धावत आलं, त्याला खांद्याने बाजूला सारलं आणि खुर्ची धरली. खाली गेल्यावर दवाखान्यात वडिलांचं वजन केलं ते चोपन्न किलो चारशे भरलं. तो काटा चारशे ग्रॅम जादा दाखवत होता. रिकामा असताना काटा शून्यावर नव्हता, ते धर्मराजने पाहिलं होतं. म्हणजे चोपन्न. अर्धा वाटा सत्तावीस. त्या बाबतीत त्याला पुढे कुणी बोललं नाही. वडील तर सातव्या दिवशी गेलेच, ते त्या जिन्यामुळे नव्हे. पण गेली कित्येक वर्षं तो कुठलंही वजन उचलायच्या आधी मनात सत्तावीसने भागत असे, आणि हे असं का करतो हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

"अंजना," तो म्हणाला. दातांतून.

"काय?"

"परत येत नाहीये."

गोपशेठ ओरडला, "छोडना मत! साईं, छोडना मत!" आणि स्वतः दोन पावलं मागे झाला, पाती फुटल्यावर काय होतं ते त्याला चांगलं माहीत होतं. अंजना उठली. घाईत नाही, पण उठली. ती सरळ त्याच्या समोर आली, दोन्ही तळवे धनुष्याच्या मुठीवर, त्याच्या डाव्या हाताच्या वर आणि खाली टेकवले. "तुम्ही फक्त दोरी धरून ठेवा," ती म्हणाली. "मी ढकलते." ती ढकलू लागली, धनुष्य हळूहळू त्याच्या छातीकडे येऊ लागलं. इंच इंच. तिच्या कपाळावरची टिकली त्याच्या डोळ्यांच्या इतकी जवळ आली की तिचे दोन ठिपके दिसू लागले. "बोटं उघडू नका. उघडू नका. झालं. आलं." दोरी सैल पडली. दोघं दुकानाच्या मध्यभागी, मध्ये धनुष्य धरून, मिठी मारल्यासारखी पण न मारता उभी राहिली. दोघांनाही धाप लागली होती. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. कुणाचं तरी डबलबेड न्यायला आला होता.

"एवढं जड असतं होय ते," अंजना म्हणाली. "मला वाटलं, नुसतं स्टाइलीसाठी."

गोपशेठने पाणी आणलं. धर्मराज सोफ्यावर बसला आणि आपली तीन बोटं बघत राहिला. त्यांवर दोरीची आडवी खाच पडली होती. गोपशेठ धंदेवाईक माणूस होता, पण वाईट नव्हता. "टेन्शन नाय, साईं. सगळे मोठंच घेतात. घरी चार-सहा महिने खेंचो, हाथ बन जाता है. अभी ले लो चालीस, नंतर पुन्हा नवीन घ्यायची झंझट नाय."

नंतर पुन्हा घ्यायला नको. धर्मराजला ते वाक्य ओळखीचं वाटलं. शिंप्याच्या दुकानात, टेपखाली हात पसरून उभं असताना ते त्याने डोक्यावरून जाताना ऐकलं होतं. होईल मोठा. दोन-तीन वर्षं तरी बघायला नको. त्याने अंजनाकडे पाहिलं. ती चपलांच्या स्टँडचे कप्पे मोजत होती; हा निर्णय तिने त्याच्यावर सोडला होता. चाळीस नेलं तर ते मोकळ्या खोलीत भिंतीवर टांगलेलं छान दिसेल. येणारा-जाणारा विचारील. ओढून दाखवा असं घरात कोण म्हणणार? आणि तो दर रविवारी त्याच्यापुढे उभा राहील, वाढायची वाट बघत, एक्कावन्नाव्या वर्षी.

"शेठ," तो म्हणाला, "ते तीसवालं द्या बघू. तिसऱ्या खुंटीचं."

तीसवालं साध्या बांबूच्या रंगाचं होतं. काट्यावर सव्वीस इंचांना अकरा किलो आठशे. त्याने ओढलं, आरशाकडे पाठ करून. वीसपर्यंत मोजलं. सोळाला हात थरथरला, पण त्याने ते चालू दिलं. मग परत आणलं, एकट्याने, हळू, इतकं हळू की गोपशेठला जांभई आली. दोरी जागेवर आली तेव्हा दुकानात काहीच आवाज झाला नाही, आणि धर्मराजला वाटलं, एवढं नीट काम आपल्या हातून बऱ्याच दिवसांत झालं नाही.

"हेच," तो म्हणाला. "वाढत्या मापाचं नको. मापाचं द्या."

"डबल नाही झालं मग," अंजना रिक्षात म्हणाली. चपलांचा स्टँड तिच्या मांडीवर होता आणि धनुष्य दोघांच्या मध्ये.

"नाही. पण वाढलं. चार किलो शंभर."

"चार किलो म्हणजे पुष्कळ झालं," ती म्हणाली, आणि ती थट्टा नव्हती. त्याने तिच्याकडे बघून खात्री केली.

रविवारी तो शिरगावला साडेसहालाच पोचला. खांद्याला दोन गवसण्या, एकीत नवं धनुष्य, दुसरीत क्लबचं, परत करायचं. प्लॉटवर नेहमीपेक्षा गर्दी होती. नवे कोरे बूट घातलेले काही लोक ताडपत्रीपाशी उभे राहून एकमेकांचे फोटो काढत होते. धर्मराजने आधी नवं धनुष्य चढवलं आणि सहा बाण मारले. तीन लागले. जे लागले त्यांतला एक गठ्ठ्याच्या पाठीला लावलेल्या फळीपर्यंत गेला आणि तो काढायला त्याला पाय लावून ओढावा लागला. वृंदाताईंनी लांबून मान डोलावली. मग तो जितेशकडे गेला. पुरत नाही म्हणालात ते बरोबरच होतं, चाळीस मुद्दामच घेतलं नाही, का घेतलं नाही, हे सगळं त्याला सांगायचं होतं; वाक्यं त्याने रिक्षातच लावून ठेवली होती.

"मास्तर, घेतलं मी. तीस पौंड. म्हणजे माझ्या ओढीला..."

"एक नंबर, काका," जितेश म्हणाला. त्याच्या हातात नावांची यादी होती. "जुनं आणलंत ना? द्या, द्या." त्याने निळी गवसणी तिथेच उघडली, धनुष्य काढलं, दोरी चढवली आणि ओळीत शेवटी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात दिलं.

त्या दिवशी नवी बॅच सुरू होत होती. आठ जणांनी पैसे भरले होते, आणि क्लबकडे शिकाऊ धनुष्यं आठ होती, मांजर्लीला धर्मराजच्या घरी असलेलं धरून.